दिसतं त्यावर नाही, देवावर भरवसा : रोजच्या व्यवहारात नक्की काय करायचं?

नित्यउपासना (धागाकर्ती)

सर्वांना जय ख्रिस्त.

२ करिंथ ५:७ आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. आपण विश्वासाने चालतो, डोळ्यांना दिसतं त्यावरून नाही. उपासनेत ते म्हणायला सोपं जातं. पण कारखान्याकडून उसाचं बिल आलेलं नाही, रिपोर्टमध्ये नको ते निघालंय, पोराच्या नोकरीचं कुठंच जमत नाही, अशा वेळी या वचनाप्रमाणे चालायचं म्हणजे सकाळी उठून काय करायचं, यासाठी हा धागा. साक्षींसाठी वेगळा धागा आहे. इथं वचनाचा संदर्भ, करण्याजोगी गोष्ट आणि ती करताना कुठं घसरायला होतं, एवढंच लिहूया.

सुरुवात मी करते. सगळ्यात मोठा घोटाळा असा की विश्वास म्हणजे समोर दिसणारी गोष्ट नाहीच म्हणायची, अशी समजूत. अंगात ताप असताना "मला ताप नाही" असं घोकायचं. पवित्र शास्त्रात असं कुणी केलेलं दिसत नाही. रोम ४:१९ मधला अब्राहाम शंभरीला टेकलेलं आपलं शरीर आणि सारेचं वांझपण धडधडीत पाहतो आणि तरी डळमळत नाही.

गणना १३ मधले बारा हेर घ्या, मोशेनं कनान देश पाहायला पाठवलेले. बाराही जण चाळीस दिवस तोच देश फिरले, अष्कोलच्या खोऱ्यातला द्राक्षांचा घड दोघांनी दांडीवर टाकून आणला तो सगळ्यांनी पाहिला, हेब्रोनातले धिप्पाड लोकही सगळ्यांनी पाहिले. माहितीत काडीचाही फरक नव्हता. त्यांच्यातल्या विश्वासू कालेबानेही तटबंदी लहान आहे असं सांगितलं नाही. दहा जणांनी देवाला हिशोबातून वगळून बेरीज केली, म्हणून ती "आपण त्यांच्यापुढे टोळ" इथं येऊन थांबली. तेव्हा प्रश्न डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हा नाही. दिसलेल्या गोष्टीवरून देव कसा आहे हे ठरवायचं, की देव कसा आहे यावरून दिसलेल्या गोष्टीचं काय करायचं ते ठरवायचं, हा आहे.

पंचगंगाकाठ

ताई, नेमकं मांडलंत. आपल्या कोल्हापूरकरांना हे पुरावरून लगेच कळेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. दारात ऊन पडलेलं असतं, गल्ली कोरडी असते, पण तिकडं राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले असतात आणि बंधाऱ्यावरचा आकडा चढत असतो. जो आकड्यावर विश्वास ठेवतो तो कोरड्या रस्त्यावरून सामान हलवतो. जो स्वतःच्या दारात बघून ठरवतो त्याला नंतर बोट लागते.

इब्री ११:७ मध्ये नोहाबद्दल हेच आहे. अजून न दिसलेल्या गोष्टीची सूचना मिळाली आणि त्यानं तारू बांधलं, तेही तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. विश्वासाला लांबी-रुंदी होती, लाकूड होतं, आतून-बाहेरून डांबर होतं. मनातल्या मनात ठेवायची ती गोष्ट नव्हती.

करवीर_तरुण

एक प्रश्न आहे. सगळं आपोआप जुळून आलं की आमच्याकडं म्हणतात, "बघा, देवानं दार उघडलं." आणि अडचण आली की म्हणतात, "देवाची इच्छा नसणार." हे पण दिसतं त्यावरूनच चालणं झालं की नाही?

वचनदीप

झालंच की. उलट या बाजूला लोक जास्त फसतात, कारण वाईट परिस्थितीत माणूस निदान सावध तरी असतो.

योना १:३ वाचा. देवानं निनवेला जायला सांगितलं, हा यापोला गेला आणि तिथं तर्शीशला जाणारं गलबत तयार उभं. भाड्याला पैसेही होते. सगळं जुळून आलं होतं, फक्त दिशा उलटी होती.

१ शमुवेल २४ मध्ये दाविदाच्या जिवावर उठलेला राजा शौल स्वतःच्या पायानं त्याच गुहेत येतो जिथं दावीद लपलाय. दाविदाची माणसं म्हणतात, हाच तो दिवस, देवानं शत्रू तुझ्या हातात दिला. परिस्थिती तर तेच ओरडून सांगत होती. दाविदानं ऐकलं नाही, कारण परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकायचा नाही हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या आज्ञेपुढं जुळून आलेली परिस्थिती त्यानं खाली ठेवली.

आणि यहोशवा ९. गिबोनी लोक शेजारचेच, पण शिळ्या भाकरी, फाटके बुधले, ठिगळ लावलेले जोडे घेऊन आले आणि लांबून आलो म्हणाले. इस्राएलच्या पुढाऱ्यांनी भाकरी हातात घेऊन तपासली. म्हणजे निष्काळजीपणा नव्हता, पुरावा पाहिला. पण चौदावं वचन म्हणतं की त्यांनी परमेश्वराला विचारलं नाही. करार होऊन तीन दिवस झाल्यावर कळलं की हे तर जवळच राहणारे. स्थळ बघताना, भागीदारी करताना, प्लॉट घेताना हा अध्याय शांतपणे वाचावा. कागद, घर, पगार सगळं तपासूनही प्रार्थना राहून गेलेली असते, किंवा निर्णय झाल्यावर आशीर्वादापुरती होते.

उत्पत्ती १३:१० मध्ये राहायला जागा निवडणाऱ्या लोटाचंही तसंच. यार्देनेचं खोरं हिरवंगार, भरपूर पाणी. शेतकरी माणसानं आणखी काय बघायचं? सदोमचे लोक कसे आहेत हे तीनच वचनं पुढं लिहिलंय. ते डोंगरावरून दिसत नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी विचारायचं, ही गोष्ट देवानं उघड मना केलेली आहे का? खोटं, लाच, कुणाची फसवणूक, लग्नाबाहेरचा संबंध असेल तर दार कितीही उघडं दिसो, विषय संपला. मग, मंडळीतल्या दोन-तीन प्रौढ माणसांना सगळी माहिती देऊन विचारायचं. आपल्याला हवं ते उत्तर येईल एवढीच माहिती द्यायची नाही. त्यानंतर परिस्थिती बघायची. लोक परिस्थितीपासून सुरुवात करतात आणि वचन शेवटी आधाराला शोधतात.

करवीर_तरुण

आणि गिदोनाची लोकर? त्यानं जमिनीवर लोकर ठेवून देवाकडं खूण मागितली होती ना?

वचनदीप

शास्ते ६ पूर्ण वाचा. चौदाव्या आणि सोळाव्या वचनात देव त्याला स्पष्ट सांगून मोकळा झालाय. लोकर ३६ व्या वचनात येते. म्हणजे ती देवाची इच्छा शोधायची पद्धत नाही, कळलेल्या इच्छेला आणखी पुरावा मागणं आहे. देवानं कृपेनं दोनदा दिला. त्यावरून आपण "उद्या दहाच्या आत फोन आला तर हो" असं ठरवू नये.

दस्तलेखक_कागल

या विषयावर यिर्मया ३२ सारखा अध्याय नाही. आमच्या धंद्यात रोज खरेदीखतं हातातून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परिस्थिती अशी. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, बाबेलच्या फौजेचा यरुशलेमला वेढा, शहर पडायला जेमतेम वर्ष उरलेलं. संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे, सोडवणुकीचा हक्क तुझा आहे. अनाथोथ म्हणजे शहराच्या ईशान्येला चार-पाच किलोमीटर, त्या वेळी शत्रूच्या हातातला मुलूख. आज कुणी असा दस्त करायला आला तर आम्हीच त्याला घरी पाठवू. जमिनीवर ताबा नाही, मिळायची आशा नाही, आणि घेणारा तुरुंगात.

आता बारकावे बघा. एक, हनामेल यायच्या आधी देवानं सांगितलं होतं की तो येईल. तो खरंच आला तेव्हा आठव्या वचनात यिर्मया म्हणतो, हे परमेश्वराचं वचन आहे हे मला कळलं. पडताळा घेणं अविश्वासात मोडत नाही. दोन, किंमत सतरा शेकेल चांदी, आजच्या मापात साधारण दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, आणि ती तराजूत तोलून दिली. "देवाचं काम आहे, बघू पुढं" असं नाही. तीन, लेख लिहिला, सही केली, शिक्कामोर्तब केलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. चार, प्रती दोन : एक मोहरबंद आणि एक उघडी. उघडी वाचायला, बंद अशासाठी की पुढं कुणी मजकुरात फेरफार केला असा वाद निघाला तर मूळ ताडून बघता यावं. पाच, सगळ्यांदेखत कागद आपला लेखनिक बारूख याच्या हातात दिले आणि मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले, पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून.

यातलं एकही पाऊल परिस्थितीला धरून नव्हतं. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, या पंधराव्या वचनातल्या शब्दाला धरून होतं. आणि तरी प्रत्येक पाऊल कायद्याला धरून होतं. देवावर भरवसा असलेल्या माणसाचा दस्त कच्चा नसतो.

बहुतेक प्रवचनं इथं थांबतात. मला सोळाव्या वचनापासूनची प्रार्थना जास्त मोलाची वाटते. दस्त बारूखाला दिल्यावर यिर्मया देवापुढं म्हणतो, वेढ्याचे मोर्चे शहराला भिडलेत, शहर खाल्द्यांच्या (म्हणजे बाबेलच्या) हातात जाणार, आणि तू मला पैसे देऊन शेत घे म्हणतोस? म्हणजे आधी आज्ञा पाळली, गोंधळ नंतर मांडला. मनाला पटेपर्यंत तो थांबला नाही आणि पटल्याचं सोंगही आणलं नाही. देवानं त्याला या प्रश्नाबद्दल रागावलेलंही नाही; २६ पासून ४४ पर्यंत सविस्तर उत्तर दिलंय. "मला शांती वाटत नाही म्हणजे देवाची इच्छा नाही" असं ठामपणे म्हणणाऱ्यांनी हा क्रम तपासावा.

रंकाळा_सकाळ

दस्तलेखक काका, हे छापून मंडळीत वाटण्यासारखं आहे.

रोजच्या सरावासाठी एक साधी पद्धत सांगते, बायबल अभ्यासाच्या गटांत वापरता येते. शंभर पानी वही घ्यायची, पानावर दोन रेघा मारून तीन रकाने करायचे : "दिसतं ते", "देव म्हणतो ते", "आज करायचं ते". सकाळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. अर्धा वेळ एक स्तोत्र किंवा एक उतारा मोठ्यानं वाचायचा, मग लिहायचं, मग लिहिलेलं देवापुढं वाचून दाखवायचं. यहूदाचा राजा हिज्कीया यानं २ राजे १९:१४ मध्ये अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब याच्या दूतांकडून आलेलं पत्र मंदिरात नेऊन परमेश्वरापुढं पसरलं, तसंच पान पसरायचं.

पहिल्या रकान्यात आकडे आणि नावं हवीत. "खूप टेन्शन" लिहून काही होत नाही. "हप्ता ५ तारखेला, खात्यात एवढे, कमी एवढे" असं लिहायचं. भीती धूसर असते तोवर मोठी वाटते, आणि प्रार्थनाही धूसर होते.

दुसऱ्या रकान्यात सगळे गडबडतात. वचनपेटीतली चिठ्ठी उचलावी तसं वचन उचलतात. यिर्मया २९:११ सगळ्यांचं आवडतं, पण त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं लिहिलीत, आणि पाचव्या-सहाव्यात घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, असं बाबेलातच राहायला सांगितलंय. महिन्याभरात बढती मिळेल असं ते वचन म्हणत नाही. फिलिप्पै ४:१३ सुद्धा त्याआधीच्या वचनांतल्या भुकेशी आणि तृप्तीशी जोडून वाचायचं. नियम ठेवा : वचन लिहायच्या आधी त्याच्या मागची-पुढची दहा वचनं वाचायची, आणि हे कुणाला, कुठल्या अवस्थेत सांगितलं ते एका ओळीत लिहायचं. त्यातून देवाच्या स्वभावाबद्दल जे कळतं ते बिनधास्त घ्यावं. त्या माणसाला दिलेली खास गोष्ट आपल्या नावावर चढवू नये.

तिसरा रकाना संध्याकाळपर्यंत होईल एवढाच हवा. अमक्याला फोन. दवाखान्यात नाव नोंदवणं. भावाशी बोलून माफी मागणं. हा रकाना सलग आठवडाभर रिकामा राहिला तर वही तक्रारवही झालीय असं समजायचं. शनिवारी मागची पानं उलटायची आणि काय झालं ते वेगळ्या रंगात लिहायचं. मागितल्यापेक्षा वेगळं घडलं तरी लिहायचं, लपवायचं नाही.

सिस्टर_मिरजरोड

आजारपणाबद्दल लिहिते, कारण इथं चूक झाली तर माणूस जातो.

"विश्वास ठेवलाय, आता गोळ्या बंद" हे थांबवायला हवं. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढतं, माणूस बरा दिसतो. दिसतो म्हणून औषध सोडलं की उरलेले जंतू परत वाढतात, आणि ते औषधाला न जुमानणारे झाले तर पुढचा उपचार लांबतो आणि अवघड होतो. बघा, इथं गोळी सोडणाराच दिसतं त्यावरून चालतोय. साखर आणि बीपीचं तसंच : काही त्रास जाणवत नाही म्हणून आजार गेला असं होत नाही. प्रार्थनेनं बरं वाटलं तर देवाची स्तुती करा, तपासणी करून घ्या, आणि औषध कमी करायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

२ राजे २० मध्ये देव हिज्कीयाला बरं करीन म्हणतो, आणि यशया अंजिरांची चकती गळवावर बांधायला लावतो. वचन आणि लेप एकाच अध्यायात आहेत. २ तीमथ्य ४:२० मध्ये पौल लिहितो की त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून आलो. ज्याच्या हातून इतके बरे झाले त्याचाही सोबती आजारी राहिला, आणि पौलानं त्याच्या विश्वासावर बोट ठेवलेलं नाही. आपल्याकडं मिशनच्या लोकांनी प्रार्थनाही केली आणि मिरजेत दवाखानाही उभा केला, डॉ. वानलेस यांचं ते रुग्णालय १८९४ पासूनचं आहे.

गृहभेटीला जाणाऱ्यांसाठी : पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, विशेषतः ऑपरेशननंतर. डोक्यावर हात ठेवायच्या आधी विचारा. "काहीतरी पाप लपलं असेल" किंवा "तुमचा विश्वास कमी पडतोय" हे तोंडातून काढू नका. योहान ९:३ मध्ये आणि लूक १३:४ मध्ये, शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल बोलताना, प्रभूनंच हा तर्क मोडून काढलाय. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात रात्री थांबायला माणूस हवाय का, डबा लागतो का, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

हिशोब_चोख

पैशाबद्दल थोडक्यात. न आलेला पैसा खर्च करणं म्हणजे विश्वास नव्हे. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून हिशोब करतो.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं उदाहरण सगळे देतात. १८३६ पासून अनाथांसाठी घरं, माणसांकडं मागणी नाही, गरज फक्त देवाला सांगायची. खरंय. पण त्याच माणसानं आलेल्या देणग्यांची पावती दिली, दरवर्षी जमाखर्च छापला आणि संस्थेसाठी कर्ज काढलं नाही. हा अर्धा भाग कुणी सांगत नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. दुष्काळात शेकडो मुली आणल्या त्या देवाच्या भरवशावर, आणि त्याच भरवशानं विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला.

"इथं बीज पेरा, देव शंभरपट देईल" असं म्हणून मोबाइलवर क्यूआर कोड पाठवणाऱ्याला साधे प्रश्न विचारा : पावती मिळेल का? ताळेबंद कुठं बघायला मिळेल? पैसे मोजायला किती जण असतात? २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौल वर्गणी एकट्यानं नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. पौलाला जे आवश्यक वाटलं ते कुणालाही आवश्यक आहे. अर्पण जरूर द्या, अडचणीतही द्या, पण लॉटरीचं तिकीट काढल्यासारखं नको.

नवा_वाचक_उचगाव

सगळं वाचलं, पटलं. पण मला एक खटकतंय. वही, हिशोब, औषध, दस्त, हे तर देव न मानणारा शहाणा माणूसही करतो. मग देवावर भरवसा ठेवणाऱ्याचं वेगळं काय राहिलं?

गुऱ्हाळघर

दादा, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. माझं उत्तर : जिथं देवाचं ऐकलं तर डोळ्यांदेखत तोटा दिसतो, तिथं फरक कळतो. एरवी कळत नाही.

गुळाचंच घ्या. रस काहिलीत पडला की तापत जातो, वर मळी येते, ती काढायला भेंडीच्या झाडाचं ठेचलेलं खोड पाण्यात भिजवून त्याचा चिकट रस घालायचा. आम्लपणा मारायला बेतानं चुना. मग ११५ ते ११८ अंशांपर्यंत नेऊन उतरवायचं, वाफ्यात घोटून साच्यात भरायचं. असा नीट केलेला गूळ तपकिरी होतो. पण सौद्यात (गुळाच्या लिलावात) गिऱ्हाइकाचा डोळा पिवळ्याधमक रंगावर. म्हणून हायड्रॉस नावाची रंग उडवणारी रासायनिक पावडर टाकतात, रंग लगेच उजळतो. साठवणीत तोच रंग परत काळवंडतो, पण तोवर माल विकला गेलेला असतो. कुणी वर साखरही मिसळतो. सौद्याच्या दिवशी दोन रवे (गुळाच्या ढेपा) शेजारी ठेवा : पिवळा उचलला जातो, तपकिरी मागं राहतो किंवा क्विंटलला कमी भाव घेतो. हे रोख नुकसान आहे, कल्पनेतलं नाही.

नीतिसूत्रे ११:१ म्हणतं, खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो. वजनकाट्याला जे लागू ते रंगालाही लागू. आता ज्याचा सगळा भरवसा सौद्यातल्या भावावर आहे त्याला पावडर टाकणं भागच आहे, कारण त्याच्या मते घर सौदा चालवतो. ज्याला खात्री आहे की घर देव चालवतो, तो तपकिरी रवा घेऊन उभा राहू शकतो. म्हणून काही तो हात बांधून बसत नाही. थेट घरगुती गिऱ्हाईक शोधतो, एक-एक किलोच्या वड्या करतो, "पावडर नाही" असं लिहून विकतो, दोन हंगाम कमी नफा धरून उसाचं नियोजन करतो. आणि नाहीच खपला तरी पावडर टाकत नाही. हा "तरी" फार महत्त्वाचा. हबक्कूक ३:१७ मध्ये अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरं, गुरं, सगळं एकेक करून गेलेलं आहे, आणि त्यानंतर "तरी" येतं.

वचनदीप

यात एक जोडतो. हिज्कीयानं अश्शूरच्या हल्ल्याच्या आधी गीहोन झऱ्याचं पाणी खडक फोडून शहरात आणलं. तो बोगदा आजही आहे, पाचशे मीटरहून लांब. काम उत्तमच होतं, २ इतिहास ३२:३० मध्ये त्याचा कौतुकानं उल्लेख आहे. आणि यशया २२:११ मध्ये यरुशलेमकरांना दोष दिलाय की तुम्ही दोन भिंतींमध्ये तलाव केला, पण ज्यानं हे घडवलं त्याच्याकडं पाहिलं नाही. बाहेरून दोघांचं काम सारखंच दिसतं. तयारी कमी पडल्यावर माणूस कुठं धावतो, रात्री झोपतो का, खोटं बोलायची पाळी आली तर बोलतो का, यावरून आत काय होतं ते बाहेर येतं.

अनामिक_वाचक

प्रार्थनाच होत नाही, शब्दच येत नाहीत, सगळा काळोख वाटतो, तेव्हा हे रकाने वगैरे कसे भरायचे?

सिस्टर_मिरजरोड

भरू नका. स्तोत्र ८८ वाचा, तेही जमलं नाही तर कुणाकडून तरी वाचून घ्या. त्याचा शेवट काळोखावरच होतो, शेवटी आनंदाची ओळ जोडलेली नाही, आणि तरी ते देवाला उद्देशून आहे आणि पवित्र शास्त्रात आहे. तेवढी प्रार्थना पुरते.

१ राजे १९ मध्ये एलीया मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचं भांडं, झोप. परत उठवून पुन्हा भाकर. बोलणं होरेबला पोचल्यावर. म्हणून आधी जेवण आणि झोप लावून घ्या, आणि दोन आठवडे असंच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ताच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. पाळकांना कळवा की उपदेश नको, फक्त येऊन बसा. त्यांना त्यात वाईट वाटत नाही.

नवा_वाचक_उचगाव

आभार सगळ्यांचे. शेवटचं एक विचारतो. उसाचं बिल थकलंय त्यांनी तक्रार केली तर "देवावर सोपवलं होतं ना?" असं म्हणणारे भेटतात. सोपवलं म्हणजे तक्रार करायची नाही का?

दस्तलेखक_कागल

प्रेषितांची कृत्ये २३:११ मध्ये प्रभू पौलाला स्पष्ट सांगतो की तू रोममध्ये साक्ष देशील. त्यानंतर २५:११ मध्ये पौल कैसरापुढं दाद मागतो, रोमी नागरिक म्हणून मिळालेला हक्क वापरून. अभिवचन मिळालेला माणूस अर्ज करतोय. पुढं २७ व्या अध्यायात वादळ आहे. कितीतरी दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. जहाजावरचे २७६ जण वाचणार हे देवदूतानं सांगितलेलं. तरी खलाशी होडी घेऊन पळायला लागले तेव्हा पौल म्हणतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मग सगळ्यांना जेवायला लावतो आणि उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलकं करतात.

तेव्हा तक्रार करा. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान ऊसदर) द्यायची असते, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. वजनपावत्यांच्या झेरॉक्स, कारखान्याकडचा सभासद किंवा नोंदणी क्रमांक, बँक पासबुकचं पान जोडा. गावच्या शेतकऱ्यांच्या सह्यांचा एकत्र अर्ज जास्त वजनदार होतो. अर्ज कोल्हापुरातल्या प्रादेशिक साखर सहसंचालक कार्यालयात द्यायचा. भाषा सौम्य ठेवा, कुणाला शिव्याशाप नकोत, आकडा वाढवून लिहू नका. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.